हार्डटॉप गाडी: डिक्की पूर्ण उघडते, छत वीतभर उचलून थांबते

वेणाकाठ (हिंगणघाट तालुका)

नमस्कार मंडळी.

गाडी जर्मन बनावटीची, दोन सीटची, २००८ सालची. छत पत्र्याचं, बटणावर घडी होऊन डिक्कीत जाणारं. पुण्याहून घेतली, तिसरा मालक मी. आमच्या इकडं हिचं काम एकच, वरात. हल्ली नवरदेवाला घोडा नको असतो, उघड्या गाडीत बसून बँडमागं हळूहळू जायचं असतं. लग्नसराईत हिच्या भाड्यावर आमच्या घरचं खत-बियाणं येतं, त्यामुळे माझ्यासाठी ही चैनीची वस्तू नाही.

आता दुखणं सांगतो. इंजिन चालू ठेवून बटण ओढून धरलं की काचा खाली येतात, पुढचं लॉक टक्‌ करून सुटतं, डिक्कीचं झाकण उलट्या बाजूनं पूर्ण उघडतं. मग छत वीतभर वर येतं आणि थांबतं. तेलाच्या दाबानं छत हलवणाऱ्या पंपाचा आवाज बंद होतो, डॅशबोर्डवर छताचं चिन्ह लुकलुकतं. छत तिथंच राहतं, खाली बसत नाही. बटण सोडून परत ओढलं तर कधी पुढं सरकतं, कधी नाही. सकाळी बहुतेक वेळा पूर्ण उघडतं आणि पूर्ण लागतं. दुपारी दोन-चारदा बटण दाबलं की पंप एकदम गप्प होऊन जातो, झाकणही हलत नाही. सावलीत तासभर उभी ठेवली की परत सुरू.

फ्यूज पाहिले, शाबूत आहेत. पंपाच्या टाकीत तेल दोन रेघांच्या मध्ये आहे. डिक्कीतल्या गालिच्याला कुबट वास येऊन राहिला आणि खालून तो ओलसर लागतो, तेवढं एक लक्षात आलं.

नागपूरच्या एका वर्कशॉपमध्ये नेली होती. त्यांनी गालिचासुद्धा न उचलता पंप, सगळे सिलिंडर आणि कंट्रोल युनिट (छत चालवणारा छोटा संगणक) बदलायचं एस्टिमेट दिलं, ३ लाख ४० हजार. तेवढ्यात माझी अर्धी गाडी येते. गावातला वेल्डर म्हणतो, छत बंद करून आतून दोन पट्ट्या मारून देतो, कटकट मिटली. पण छतच उघडणार नसेल तर वरातीला ही गाडी कोण नेईल?

सध्या छत अर्धवट उघडं आहे आणि गाडी कापसाच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे. ७ जूनला मृग लागतो. त्याआधी हे झालं पाहिजे. माझ्याकडं मल्टिमीटर, ट्रॅक्टरचे पाने आणि इंजिनचे कोड वाचणारा साधा स्कॅनर आहे. तो स्कॅनर छताचं काहीच दाखवत नाही. सुरुवात कुठून करू, ते कोणी सांगेल का?


लोणारकर

डिक्कीत सामान आणि छत यांच्यामध्ये एक गुंडाळायचा पडदा असतो. तो ओढून दोन्ही हुकांत बसलेला नसेल तर छत हलत नाही. आधी तो पाहा. दुसरं बॅटरी. तिसरं, शेडमध्ये कापूस म्हणजे उंदीर आलेच. वायरी कुरतडल्या असतील.


वेणाकाठ

लोणारकर भाऊ, पडदा बरोबर बसतो. हुकाशेजारचा स्विच हातानं दाबूनही पाहिला, फरक नाही. शिवाय पडद्याचा दोष असता तर डिक्कीचं झाकणही उघडलं नसतं असं मला वाटतं. बॅटरी इंजिन बंद असताना १२.१ दाखवते. उंदरांच्या लेंड्या शेडमध्ये आहेत, पण जेवढ्या वायरी दिसतात तेवढ्या शाबूत आहेत.


परतवाडा ऑटो इलेक्ट्रिक

भाऊ, पंप घ्यायचा विचार पह्यले बाजूले ठेवा. जो पंप डिक्कीचं जड झाकण पूर्ण उघडते अन् सकाळी पूर्ण छत घडी करते, तो मेलेला नाही. सिलिंडर आतून गेले असते तर छत हळूहळू खाली बसलं असतं. बाहेरून गळत असते तर टाकीतलं तेल उतरलं असतं. तुमचं छत आहे तेथंच थांबते अन् तेल जागेवर आहे. म्हणजे दाब धरून आहे. ३ लाख ४० हजाराचं सामान या लक्षणावर कोणी लिहून देत असन तर त्यानं गाडी पाह्यली नाही, एवढं मी इथं बसून सांगतो.

मी परतवाड्याले ट्रॅक्टर, थ्रेशर अन् ट्रकची वायरिंग करतो. असल्या गाड्या माझ्याकडं येतात त्या चिखलदऱ्यामुळं. पावसाळ्यात लोकं छत उघडून घाट चढतात, वर धुकं अन् पाणी सुरू होते, छत लागत नाही, अन् तशीच भिजत गाडी खाली उतरवतात. घाट संपला की आमचंच गाव. पह्यली गाडी आली तेव्हा मीही घाबरलो होतो, पण एकदा तिचा क्रम समजला की हे काम ट्रॉलीच्या वायरिंगपेक्षा फार वेगळं नाही.

क्रम असा. काचा उतरल्या, निरोप गेला. लॉक सुटलं, निरोप गेला. झाकण पूर्ण उघडलं, निरोप गेला. मंग छत उचलाचं, घडी कराची, झाकण लावाचं. हरेक टप्प्यावर एक छोटा स्विच नाहीतर सेन्सर बसवलेला राह्यते, अन् आधीचं काम झाल्याचा निरोप कंट्रोल युनिटले मिळाल्याशिवाय ते पुढचं काम करू देत नाही. निरोप मधातच तुटला तर पंप तेथंच बंद करते. हे बरोबरच आहे. झाकण अर्धं असताना छत खाली आलं तर पत्र्यावर पत्रा बसन.

आता तुमचं पाहा. झाकण पूर्ण उघडते, छत वीतभर उचलते, मंग थांबते. म्हणजे 'झाकण पूर्ण उघडं' हा निरोप एकदा मिळाला, म्हणूनच छत उचललं. छत हलाले लागलं, मागचा भाग हादरला, अन् निरोप गेला. परत बटण ओढलं तर कधी मिळते, कधी नाही. हे तुटक्या वायरीचं लक्षण आहे. अन् ती वायर बहुतेक डिक्कीच्या बिजागरीत असन. झाकण जितक्या बार उघडते तितक्या बार ते बंडल वाकते, १५-१६ वर्षं वाकून राह्यलं. तांबं आतून तुटते, वरचं प्लास्टिक धड दिसते. म्हणून तुमाले डोळ्यानं सापडलं नाही.

हुडकाची रीत सांगतो. डाव्या अन् उजव्या दोन्ही बिजागरीजवळ काळी रबरी नळी असन, तिच्यातून बंडल जाते. नळी सरकवा, आतली टेप हळू काढा. मंग एक-एक वायर दोन चिमटीत धरून जराशी ताणा. धड वायर ताणल्या जात नाही. जिचं तांबं तुटलं ती रबरासारखी लांबते. मल्टिमीटरच्या बीपवर भरवसा ठेवू नोका, एक केसभर तार शिल्लक असली तरी तो बीप देते. दोन्ही टोकाचे कपलर, म्हणजे वायर जोडाचे प्लग, काढून त्या वायरीतून ब्लिंकरचा बल्ब पेटवून पाहा अन् पेटलेला असताना बंडल वाकवा. बल्ब मिणमिणला की सापडली.

दुपारी पंप गप्प होते ते वेगळं दुखणं समजू नोका. पंपाची मोटर थोड्या वेळाच्या कामासाठी असते, लगातार नाही. जास्त तापली की यंत्रणा तिले बंद ठेवते. मे महिन्यात ४५ डिग्रीत पत्र्याच्या शेडमधली डिक्की आधीच भट्टी झालेली असते, त्यात चार बार बटण दाबलं की ती लवकर तापणारच. थंड झाली की चालू होते, म्हणजे हे बरोबर काम करून राह्यलं.

अन् गालिचा आत्ताच्या आत्ता उचला. ओल आहे म्हणता, हे मले सगळ्यात जास्त खटकलं. पाणी कुठून आलं ते पाहा अन् पंपाच्या जवळचे कपलर अन् अर्थचा बोल्ट, म्हणजे निगेटिव्ह वायर बॉडीच्या पत्र्याले जेथं आवळली राह्यते तो, पाहा. छत आज चालू झालं अन् पाणी तसंच राह्यलं तर पुढच्या पावसाळ्यात पंप खरंच मरन.


मोटर मेकॅनिक ताई

मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक ट्रेडला शिकवते. परतवाड्याच्या दादांचं निदान मला पटतं, पण बल्बच्या बाबतीत एक दुरुस्ती सुचवते. ब्लिंकरचा बल्ब २१ वॅटचा असतो, तो पावणेदोन अँपिअर ओढतो. स्विचच्या निरोपाची वायर बारीक असते. पार्किंगचा ५ वॅटचा बल्ब लावा, तो पुरेसा आहे. आणि दादांनी म्हटलंय तसे दोन्ही टोकांचे कपलर काढल्याशिवाय हा प्रयोग करायचाच नाही. एक टोक कंट्रोल युनिटला जोडलेलं राहिलं तर युनिट जळू शकतं, आणि मग ते एस्टिमेट खरं करावं लागेल.

पण त्याआधी बॅटरी. १२.१ म्हणजे ती निम्म्यावर आली आहे, पूर्ण भरलेली १२.६ च्या आसपास असते. पंप एकदम मोठा करंट ओढतो. व्होल्टेज पडलं की कंट्रोल युनिट छत थांबवतं, आणि बाहेरून दिसायला ते अगदी तुटक्या वायरीसारखंच दिसतं. म्हणून मोजा: इंजिन चालू, एकानं बटण धरायचं, दुसऱ्यानं आधी बॅटरीच्या टोकांवर आणि मग पंपाच्या कपलरवर व्होल्टेज घ्यायचं. दोन्हीत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर मधल्या जोडणीत करंट अडतोय. बहुतेक वेळा अर्थच्या बोल्टखाली गंज असतो.

सिलिंडरकडे दुर्लक्ष करू नका, एवढंही सांगते. आता गळत नसले तरी झाकणाच्या दोन्ही सिलिंडरचे चकचकीत दांडे पांढऱ्या कापडानं पुसून पाहा. तेलाची रेघ उमटली तर सील म्हातारे झालेत असं समजा. अशा जुन्या गाड्यांतले पॉलियुरेथेनचे सील वयानं आणि उष्णतेनं मऊ पडून चुरा होतात. सील गेलं म्हणून सिलिंडर फेकायचा नसतो. जेसीबी आणि टिपरचे सिलिंडर उघडून सील बदलणारे कारागीर आपल्याकडे तालुक्याच्या गावीही आहेत. हे सिलिंडर लहान आणि नाजूक, एवढाच फरक. सीलचं माप मात्र जुन्या सीलवरून घेऊ नका, ते फुगलेलं असतं. खाचेचं माप घ्या.

तेल टाकायची वेळ आली तर मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच टाका. ट्रॅक्टरच्या लिफ्टचं तेल जाड पडतं. ब्रेक ऑइल तर चुकूनही नाही, त्यानं या यंत्रणेतलं रबर फुगतं आणि सगळे सील एकदम जातात. पातळी पाहायची ती मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या छताच्या स्थितीतच. छत अर्धवट असताना सिलिंडरमध्ये तेल वेगळं वाटलं गेलेलं असतं, त्यामुळे तुमचं आत्ताचं 'दोन रेघांच्या मध्ये' हे मी गृहीत धरणार नाही.

दादा म्हणतात ती निरोपांची साखळी फार जुनी आहे. प्यूजोनं १९३४ मध्ये डिक्कीत जाणारं पत्र्याचं छत विकायला आणलं. फोर्डची स्कायलायनर १९५७ ते १९५९ या काळात निघाली. तिच्यात संगणकाचा पत्ता नव्हता: ७ मोटारी, १० लिमिट स्विच, १० रिले आणि ६१० फूट वायर. प्रत्येक लिमिट स्विच, म्हणजे भाग ठरल्या जागी पोचला की दाबला जाणारा स्विच, आपलं काम झाल्यावर पुढच्या रिलेला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचला, करंट देणार. मी मुलांना ही साखळी फळ्यावर काढून दाखवते, कारण ती एकदा कळली की एलिव्हेटर असो की जिनिंगमधला प्रेस, कुठलंही यंत्र कुठं थांबलं त्यावरून कोणता स्विच पाहायचा ते सांगता येतं. १९९६ च्या मर्सिडीज एसएलकेनंतर अशी छतं पुन्हा सगळीकडं दिसू लागली, त्यात रिलेंच्या साखळीची जागा कंट्रोल युनिटनं घेतली. पण स्विच, वायर आणि बिजागरी तशाच राहिल्या.


लोणारकर

ताई, दादा, एक विचारतो. तोवर छत अर्धवटच ठेवायचं का? हातानं लावता येत नाही का? एखादा अवकाळी आला तर?


परतवाडा ऑटो इलेक्ट्रिक

येते लावता, पण घाईचं काम नाही. पंपाच्या अंगावर दाब सोडाचा स्क्रू राह्यते, तो जरासा सैल केला की सिलिंडरमधला दाब उतरते अन् छत-झाकण हातानं हलवता येते. तुमच्या गाडीत तो कुठं आहे अन् किती फिरवाचा ते मॅन्युअलमध्ये 'आपत्कालीन बंद करणे' या पानावर असन, ते वाचूनच करा.

पण ध्यान द्या. छत अन् झाकण दोन्ही हवेत आहेत ते दाबावर. दाब उतरला की दोन्ही खाली येतात. स्क्रूले हात लावाच्या आधी एक माणूस झाकणाले, दोन माणसं छताले, अन् झाकणाखाली लाकडी टेकू. चावी काढून खिशात ठेवा, कोणी बटण दाबू नये म्हणून. लहान लेकरं शेडच्या बाहेर. बिजागरीत हात असताना झाकण आलं तर बोट राहत नाही. माझ्याकडं कामाले असलेल्या पोराचं नख असंच गेलं, थोडक्यात निभावलं.

सकाळी गाडी थंड असताना बटणानंच लागते म्हणता, तर मंग पहाटे इंजिन चालू करून बटणानंच लावून घ्या. स्क्रूच्या भानगडीत पडूच नोका.


वेणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. पहाटे बटणानंच छत लागलं, तेव्हा निदान पावसाची भीती गेली. मग ताईंनी सांगितल्याप्रमाणे मोजमाप केलं. बायकोनं बटण धरलं, मी मीटर.

इंजिन चालू, पंप फिरताना बॅटरीवर १३.७. पंपाच्या कपलरवर ११.४. म्हणजे दोन व्होल्टच्या वर कुठंतरी अडकतात. गालिचा उचलला आणि मी बघतच राहिलो. स्टेपनीच्या खड्ड्यात चार बोटं पाणी. अर्थचा बोल्ट त्याच बाजूला, त्याच्यावर हिरवट-पांढरं भरड साचलेलं. खोलला तर वॉशरखाली पत्रा तपकिरी. पॉलिश पेपरनं पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासला, नवा वॉशर टाकला, वरून ग्रीस लावलं. परत मोजलं तर पंपावर १३.३.

पाणी कुठून येतं तेही सापडलं. डिक्कीच्या कडेनं जी नाली आहे तिला दोन्ही कोपऱ्यांत भोक असून खाली रबरी नळी जाते. उजवी नळी मोकळी. डाव्या भोकात बोट घातलं तर मऊ लागलं. पक्कडीनं ओढलं तर रुईचा बोळा निघाला, काळा, चिखलानं भरलेला, मधात कडुलिंबाचा मोहोर. शेडमध्ये भाव यायची वाट पाहत कापूस ठेवलेला असतो, भरताना-काढताना रुई उडते, ती या नालीत बसते. गाडी धुतली की ओली होऊन खाली सरकते. तिचं बूच झालं आणि पाणी नळीतून जायच्या ऐवजी आत उतरलं. तळाशी आणखी रुई आहे, बोट पोचत नाही. तिथं लोखंडी तार घालू का? की कॉम्प्रेसरची हवा मारू?

पंपाचा आवाज आता भरदार येतो, पण छत अजूनही वीतभर उचलून थांबलंच. पडदा, पंप, अर्थ बाजूला झाले. आता बिजागरी उघडतो.


मोटर मेकॅनिक ताई

तार नको आणि हवाही नको. तारेनं नळीला आतून भोक पडतं, आणि हवेच्या दाबानं नळी खालच्या टोकाशी निसटते. ती निसटलेली बाहेरून दिसत नाही, पाणी मात्र बॉडीच्या आत पडत राहतं. गवत कापायच्या मशीनची जाड नायलॉन दोरी घ्या. टोक मेणबत्तीवर धरून गोल करा, हळूहळू फिरवत आत सोडा. मग कोमट पाणी थोडं थोडं ओता आणि ते चाकाजवळ खाली पडतं का ते दुसऱ्याला बघायला सांगा. खाली पडेपर्यंत समाधान मानू नका.

अर्थचा आकडा छान आला. बॅटरी मात्र चार्जरवर रात्रभर लावा आणि सकाळी परत मोजा. १२.४ च्या वर टिकली नाही तर बदला.


वेणाकाठ

सापडली!

डाव्या बिजागरीतली रबरी नळी सरकवली, टेप काढली. आत बऱ्याच वायरी. वरून एकीलाही ओरखडा नाही. दादांनी सांगितलं तशी एक-एक चिमटीत धरून ताणत गेलो. तपकिरी रंगाची, पांढरी रेघ असलेली एक वायर चक्क लांबली. सोडली की परत आखूड. त्या जागी नखानं दाबलं तर आत पोकळ लागतं, तांब्याचं कणभर अस्तित्व नाही. बाजूच्या दोन वायरीही तशाच मऊ लागून राहिल्या, अजून तुटल्या नाहीत, पण भरवसा नाही.

दोन्ही टोकांचे कपलर काढून ५ वॅटचा बल्ब लावला. पेटला. झाकण हलवलं, विझला. परत हलवलं, पेटला. किती दिवस ही एक वायर पूर्ण गाडी अडवून होती. बाबा बाजूला उभे होते, त्यांनी तो बल्ब दोन-तीनदा स्वतः झाकण हलवून विझवून पाहिला आणि म्हणाले, "एवढ्यासाठी नागपूरवाले साडेतीन लाख मागत होते?" मी काही बोललो नाही, पण खरं सांगतो, ते पैसे मी पीककर्जातून काढायच्या विचारात होतो.

आता जोडायची कशी? तिथंच पिळून टेप मारू की सोल्डर करू?


परतवाडा ऑटो इलेक्ट्रिक

तेथं दोन्ही नाही. शाबास भाऊ, पण आता शेवटी गडबड करू नोका, कारण जोड लावाची जागा चुकली तर दिवाळीनंतरच्या सीझनले हीच वायर परत तुटन.

जेथं वायर वाकते तेथं जोड नाही पायजे. सोल्डर केलेली जागा कडक होते अन् तिच्या काठावरच तांबं तुटते. म्हणून वाकणारा पूर्ण तुकडा काढून टाका. बिजागरीच्या अलीकडं वीतभर अन् पलीकडं वीतभर, जेथं बंडल सरळ अन् स्थिर आहे, तेथं कापा. मधात नवी वायर टाका, सिलिकॉनच्या आवरणाची, बारीक-बारीक तारांची, जाडी जुन्या वायरीएवढी. ती मऊ राह्यते, वाकून तुटत नाही. जोड सोल्डर करून वरून उष्णतेनं आवळणारी स्लीव्ह चढवा. तिन्ही वायरीचे जोड एकाच जागी येऊ देऊ नोका, दोन-दोन बोटाचं अंतर ठेवा, नाहीतर तेथं गाठ होईन अन् नळीत बसणार नाही.

दोन मऊ लागलेल्या वायरीही आताच बदला. रंग विसरू नका, एक कापली की एक जोडा, तिन्ही एकदम कापू नोका. जोडताना झाकण पूर्ण उघडं ठेवून वायरीले थोडी ढील द्या, मंग झाकण बंद करून पाहा की ती ढील कुठं चिमटल्या जात नाही. बॅटरीचं निगेटिव्ह काम सुरू कराच्या आधी काढा.

नळी परत बसवताना आतून पावडर लावा, म्हणजे वायरी सरकतात. तेल लावू नोका, रबर खराब होते.


वेणाकाठ

झालं, दादा. ताई, झालं!

तिन्ही वायरी बदलल्या. बॅटरी चार्जरवर लावूनही सकाळी १२.२ च्या वर टिकली नाही, म्हणून नवी घेतली. डाव्या नळीतून नायलॉन दोरीनं आणखी एक लांब काळा बोळा निघाला आणि पाणी धो-धो चाकामागं पडलं. मग भर दुपारी, मुद्दाम दुपारीच, गाडी शेडबाहेर काढली, इंजिन चालू केलं, बटण ओढलं. काचा, लॉक, झाकण, छत, घडी, झाकण बंद. मधात कुठं अडखळलं नाही. परत लावलं. थोडा वेळ थांबून परत उघडलं. घरातले सगळे अंगणात येऊन उभे होते.

झाकणाच्या सिलिंडरचे दांडे पांढऱ्या कापडानं पुसले. उजवा कोरडा. डाव्यावर अगदी पुसट रेघ उमटते. ताई, याला लगेच हात घालू की सीझन संपल्यावर?


मोटर मेकॅनिक ताई

सीझन संपल्यावर चालेल. पुसट रेघ म्हणजे सील झिजायला लागलंय, अजून फुटलेलं नाही. टाकीवर आजची पातळी बारीक मार्करनं खूण करून ठेवा, छत कोणत्या स्थितीत होतं तेही लिहा. महिन्याभरानं त्याच स्थितीत परत पाहा. खूण उतरली तर वाट पाहू नका. पावसाळ्यात गाडी रिकामीच असेल, तेव्हा दोन्ही बाजूंचे सिलिंडर जोडीनं काढून सील बदलून घ्या. एकच बदललात तर दुसरा लवकरच मागं लागतो. सील बदलल्यावर आत हवा राहते. टाकी भरून छत काही वेळा उघड-बंद केलं की ती निघून जाते, मधल्या मधल्या वेळी पंपाला थंड होऊ द्या.

छताच्या कडेच्या रबरी पट्ट्यांना पावसाआधी सिलिकॉनचा स्प्रे कापडावर घेऊन लावा. आपल्या उन्हानं त्या वाळून पत्र्याला चिकटतात आणि छत उचलताना फाटतात. ग्रीस किंवा डिझेलनं पुसायची सवय असेल तर ती या रबराला नको.

आणि कापूस शेडमध्ये असेपर्यंत गाडीची डिक्की बंद ठेवून वर ताडपत्रीऐवजी सुती कव्हर घाला. ताडपत्रीखाली ओल कोंडून राहते.


लोणारकर

भाऊ, सिलिकॉनची वायर कुठून आणली? माझ्या जुन्या जीपच्या मागच्या दाराच्या बंडलचंही असंच दुखणं आहे, वायपर कधी चालतो कधी नाही.


वेणाकाठ

वर्ध्याला ड्रोन आणि रिमोटच्या खेळण्यांचं सामान विकणारं एक दुकान आहे, तिथं मीटरवर मिळाली. इलेक्ट्रिकच्या दुकानात मागाल तर घरगुती वायर देतील, ती नको. जुन्या वायरीचा तुकडा सोबत न्या म्हणजे जाडी जुळवता येईल. आणि दार उघड-बंद करत बल्बनं तपासा, बीपवर जाऊ नका. काही अडलं तर याच धाग्यात लिहा, मी पाहतो.